ठाण्याला नेतोयस मला?

गेले दोन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी मेल टाकून विचारलंही, "काय राव, संपली का हौस?" संपली नाही. एका ड्रॉपडाऊनमध्ये अडकलो होतो. विनोद नाही, खरंच.

झालं असं की सध्या आमचा प्रोजेक्ट हॉस्पिटलच्या नोंदींचा आहे. पेशंट आला, नाव-पत्ता, विमा, बिल, डिस्चार्ज... तेच ते. त्यात मानसोपचार विभागासाठी एक जादा स्क्रीन आहे आणि त्या स्क्रीनवर एक फील्ड आहे: 'दाखल होण्याचा प्रकार'. मोठ्या माणसांसाठी पर्याय दोनच, इंडिपेंडंट आणि सपोर्टेड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातले शब्द आहेत हे (तो अमलात आला २०१८ मध्ये). माणूस आपणहून, समजून-उमजून आला तर कलम ८६ खाली इंडिपेंडंट. आणि आजार इतका वाढलाय की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही, निर्णयही दुसऱ्याच्या खूप आधाराशिवाय घेता येत नाही, तर कलम ८९. मग त्याचा प्रतिनिधी अर्ज करतो, दोन जण त्याला वेगवेगळं तपासतात आणि तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं. पूर्वी ज्याला आपण सरळ 'जबरदस्तीने ॲडमिट केलं' म्हणायचो त्यातलं बरंचसं आता या 'सपोर्टेड'मध्ये येतं. शब्द छान आहे.

टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "सर, डीफॉल्ट काय ठेवू?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "इंडिपेंडंट ठेव. बहुतेक तेच असणार."

दहा मिनिटांनी उठून चहाला गेलो तेव्हा लक्षात आलं की माझा काका त्या यादीत असता तर डीफॉल्टनेच बरोबर नोंदला गेला असता. त्याच्या कागदावर 'स्वेच्छेने' असंच लिहिलं होतं. मला माहीत आहे, कारण त्याला तिथे नेणारा मीच.

ही गोष्ट २००५ सालची. इथे आधी कधी लिहिली नाही. काकाला विचारून आज लिहितोय.

आम्ही बोईसरचे. काका तारापूर एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. वस्तीतल्या कोणाच्याही घरात फ्यूज उडाला की "काकाला बोलाव" ठरलेलं. मला कॉम्प्युटरचा नाद लागला त्याची सुरुवात त्याने आणून दिलेल्या मोडक्या रेडिओपासून झाली. इंजिनिअर होऊन मी पुण्यात नोकरीला लागलो याचं बाबांपेक्षा त्यालाच जास्त कौतुक.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याची झोप गेली. मग तो म्हणायला लागला की कारखान्यातले लोक आपल्या भिंतींत करंट सोडतात. एके दिवशी त्याने घरातले सगळे स्विचबोर्ड उघडले. वायरी बाहेर. तीन दिवस घर अंधारात, काकू आणि सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे, आणि काका आत मेणबत्ती लावून भिंतीला कान लावून बसलेला. जेवणही सोडलं होतं. म्हणजे हॉस्पिटलची गरज नव्हती असं मी आजही म्हणणार नाही.

पण न्यायचं कसं? बाबांचं तो ऐकेना. डॉक्टर म्हटलं की दार लावून घ्यायचा. शेवटी मला पुण्याहून बोलावलं. "तुझं ऐकेल तो," बाबा म्हणाले. आणि माझं ऐकलं त्याने. कारण मी त्याला म्हटलं, "काका, मी फ्लॅट बघतोय घोडबंदर रोडला. बिल्डर म्हणतो वायरिंग एक नंबर आहे. तू एकदा बघून दे ना."

आता विचार केला की कळतं, दुसरं कुठलंही निमित्त चाललं असतं. देवदर्शन, लग्न, काहीही. मी नेमकं वायरिंगच काढलं, कारण त्यावर तो नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. किती हुशार होतो मी!

बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तोवर आम्ही ठाणे जिल्ह्यात. जिल्ह्याचं काम निघालं की ठाणे गाठायचं. आणि ठाण्यालाच १९०१ पासूनचं मनोरुग्णालय. त्यामुळे आमच्याकडे 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. काकालाही कळत होतं. मी फ्लॅटचं सांगितल्यावर तो कितीतरी दिवसांनी हसला आणि म्हणाला, "ठाण्याला नेतोयस मला?"

मीही हसलो. म्हटलं, "हो ना, आता तुला ठाण्यालाच टाकतो."

भाड्याची सुमो. काकाने आंघोळ केली, दाढी केली, पिशवीत पक्कड, टेस्ट लँप, काळी टेप. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो, मनोरला चहा घेतला, वर्सोव्याच्या पुलावर ट्रॅफिक. मागच्या सीटवर मी एका दाराशी, बाबा दुसऱ्या दाराशी, काका मध्ये. वाटेत तो मला अर्थिंगबद्दल सांगत होता, आणि ते सगळं बरोबर होतं.

ते एक खाजगी हॉस्पिटल होतं. नाव लिहीत नाही. आत गेल्यावर काका दोन मिनिटं काही बोलला नाही. मग मला विचारलं, "वायरिंग कुठाय?" मी खाली बघितलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. तेव्हा १९८७ चा कायदा होता, त्यात स्वेच्छेने भरती होण्याची सोय होती. डॉक्टर म्हणाले, काही दिवस राहाल का, बरं वाटेल. काकाने फॉर्म वाचलाच नाही. माझ्याकडे बघून "हा म्हणेल तसं" म्हणाला आणि सही केली. वॉर्डात जाताना ब्रदरने पिशवी घेतली, आणि खिशातला टेस्टरही. टोकदार वस्तू आत चालत नाही. नियम म्हणून बरोबरच आहे.

तर हा झाला 'स्वेच्छा प्रवेश'.

त्या चहानंतर मी जे वाचत सुटलो त्यात मला एक गंमतशीर गोष्ट सापडली (गंमतशीर म्हणजे आपल्यासारख्या मोजमापवाल्यांना). १९९० च्या दशकात अमेरिकेत मॅकआर्थर फाउंडेशनच्या पैशाने काही मानसोपचारतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक एकत्र आले. त्यांचा प्रश्न साधा होता. कागदावर स्वेच्छेने की सक्तीने ते लिहिलेलं असतंच, पण माणसाला काय वाटलं? त्यांनी व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांत नुकत्याच दाखल झालेल्या लोकांना विचारायला सुरुवात केली आणि त्यातून एक छोटी पट्टी तयार झाली. पाच विधानं, प्रत्येकाला खरं किंवा खोटं. इथे येण्याची कल्पना माझी होती का, मी निवडलं का, मी मोकळा होतो का, ताबा माझ्याकडे होता का, आणि सगळ्यांत जास्त कोणाचं चाललं, माझं का? जितकी 'खोटं' तितके मार्क. शून्य म्हणजे आपणहून आलो, पाच म्हणजे ओढून आणलं.

निकाल काय, तर कागद आणि माणूस बऱ्याचदा जुळत नाहीत. कागदावर स्वेच्छेने आलेल्यांतले काही जण सांगतात की आमच्यावर सक्ती झाली. आणि कायद्याने सक्तीने आणलेल्यांतलेही काही जण सांगतात, मी स्वतःच आलो. शिवाय दबाव कुठल्या जातीचा हेही महत्त्वाचं. समजावणं, गळ घालणं, आमिष दाखवणं याने सक्ती वाटतेच असं नाही. धमकी आणि धक्काबुक्कीने वाटते. पण सगळ्यांत जास्त संबंध निघाला तो या गोष्टीशी, की माझं म्हणणं कोणी ऐकून घेतलं का, मला माणूस म्हणून वागवलं का, माझ्याशी सरळ वागले का. दबावाच्या प्रकारांत त्यांनी फसवणुकीलाही वेगळी जागा दिली होती. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला.

आपल्याकडेही म्हैसूरला आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये हीच पट्टी वापरून अभ्यास झाले आहेत. मराठीत कोणी केली असेल तर मला दिसली नाही, म्हणून रविवारी बसून मीच भाषांतर करायला घेतलं. आणि फसलो. इंग्रजीतले पाच वेगवेगळे शब्द मराठीत आणले की फिरून फिरून एकाच जागी येतात: 'तुझं चाललं का?' आपल्याकडे घरातला कुठलाही निर्णय असाच मोजतात. लग्न कोणाच्या मनाने झालं, जमीन कोणाच्या सांगण्यावरून विकली, शेवटी कोणाचं चाललं. निवड, ताबा, मोकळीक हे सुटे सुटे करून बोईसरमध्ये कोणी बोलत नाही. तरी रेटून पाच वाक्यं लिहिली, कागद घडी करून खिशात घातला आणि पुढच्या शनिवारी डहाणू लोकल पकडली.

काका आता साठीच्या पुढे आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, हात थोडे थरथरतात, तरी स्टेशनजवळच्या एका दुकानात मिक्सर-इस्त्री दुरुस्त करतो. त्या दिवसाबद्दल आम्ही इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. एकदाही! दिवाळ्या झाल्या, माझं लग्न झालं, बाबा गेले. तो माझ्याशी नीटच वागायचा. त्यामुळे मी समजून चाललो होतो की विसरला असेल. आजारात होता, त्याला कुठे आठवतंय.

ओट्यावर बसलो. काकू आत. मी म्हटलं, "काका, ऑफिसचं काम आहे, पाच प्रश्न विचारायचेत." तो म्हणाला, "ऑफिसचं की वायरिंगचं?"

पुढचं पाच-दहा मिनिटांचं मी गाळतो. आमच्या दोघांतलं आहे.

मग प्रश्न. कल्पना तुझी होती का? "खोटं. तुझ्या बापाची." तू निवडलंस? "सही केली ना मी. पण निवडायला दुसरं काय होतं तिथे? दार बंद होतं." मोकळा होतास? "मधे बसवलेलं मला. वर्सोव्याच्या पुलावर कळलं मला, हे दोघे दारं धरून बसलेत." म्हणजे पुलावरच कळलं होतं त्याला. आणि तरी तो अर्थिंगबद्दल बोलत राहिला? "मग काय करणार? तू एवढं ऐकत होतास." ताबा? नुसता हात हलवला. सगळ्यांत जास्त कोणाचं चाललं? "तुझं. तू नसतास तर मी गाडीत बसलोच नसतो."

पाचपैकी पाच.

मी विचारलं, "पण हॉस्पिटलची गरज होती की नव्हती?"

"होती," तो लगेच म्हणाला. "ती होतीच. बोर्ड उघडे टाकलेले, पोरीला शॉक लागला असता. गरज होती ते वेगळं, तू खोटं बोललास ते वेगळं. दोन्ही एका सर्किटवर नको घेऊस."

आता हे बघा. त्या मॅकआर्थरवाल्यांनी काही आठवड्यांनी तेच लोक पुन्हा गाठले होते. आधी 'मला हॉस्पिटलची गरजच नव्हती' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी नंतर 'होती' असं सांगितलं. त्यांचा पेपर १९९९ सालचा आहे. पण सक्ती झाली होती का, या प्रश्नाची उत्तरं मात्र फारशी बदलली नाहीत. आपण घरचे लोक ज्या आशेवर असतो ना, की बरा झाला की म्हणेल 'बरं केलंत, फसवून नेलंत', त्या आशेला यात काही आधार मिळत नाही. मी वीस वर्षं त्याच आशेवर होतो.

मग काकाने स्वतःहून दुसऱ्या वेळचं काढलं. २००९ मध्ये त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. पहाटे तीनला एमआयडीसीच्या रस्त्यावर उभा राहून टँकर अडवत होता. लोकांनी धरला, टॉवेलने हात बांधून घरी आणला. त्या वेळी मी परदेशात होतो, क्लायंटकडे. सकाळी बाबांनी आणि काकूने तसाच हॉस्पिटलात नेला, हे वेगळं हॉस्पिटल. नातेवाइकांचा अर्ज, दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं, म्हणजे १९८७ च्या कायद्याने सरळ सरळ सक्तीची भरती. माझ्या ड्रॉपडाऊनमध्ये ही केस दुसऱ्या पर्यायात गेली असती.

"तिथली डॉक्टरीण बाई," काका म्हणाला, "आधी हात सोडायला लावले. चहा मागवला. म्हणाली, मी आज तुम्हाला घरी सोडणार नाही, ते आधीच सांगते. का, तेही सांगते. पण अगोदर तुमचं काय म्हणणं आहे ते बोला. मी अर्धा तास बोललो. सगळं लिहून घेतलं तिने. करंटचं पण."

मी तेच पाच प्रश्न पुन्हा विचारले. कल्पना? खोटं. निवड? खोटं. मोकळा? "हात बांधलेले, मोकळा कसला?" खोटं. कोणाचं चाललं? "बाईचं." खोटं. ताबा? इथे तो अडला. "थोडा होता," म्हणाला. मी सांगितलं, थोडा असा पर्याय नाही, खरं किंवा खोटं. त्याने खिशातला टेस्टर काढून माझ्यापुढे धरला. "हा असाच. दिवा लागतो नाहीतर नाही लागत. व्होल्ट किती ते बघायचं असेल तर मीटर आण."

पाचपैकी चार, किंवा साडेचार. म्हणजे आकड्याने बघितलं तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच. पण त्याच्या बोलण्यात दोन वेळा अजिबात सारख्या नव्हत्या. पहिल्या वेळेबद्दल बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. दुसऱ्या वेळेबद्दल सांगताना त्याने काकूला हाक मारून विचारलं, त्या बाईंचं नाव काय होतं गं.

शास्त्र म्हणून बघितलं तर माझा हा प्रयोग कचऱ्यात टाकायच्या लायकीचा आहे, हे मला कळतं. ते प्रश्न दाखल झाल्यावर एक-दोन दिवसांत विचारायचे असतात. मी वीस वर्षांनी विचारले. शिवाय प्रश्न विचारणारा तोच, ज्याने फसवलं. समोरचा मोकळेपणाने कसा बोलेल? अमेरिकेतल्या त्या मंडळींनी पेशंटबरोबर नातेवाईक आणि डॉक्टरांनाही वेगळं विचारलं होतं, कारण एकाच दाखल्याची तिघं तीन गोष्टी सांगतात. आमच्या घरात बाबांची गोष्ट आता विचारता येणार नाही. माझी गोष्ट इतकी वर्षं अशी होती: काका समजुतीने आला, सही केली, काही तमाशा झाला नाही. ऑफिसमध्ये मी ती तशीच सांगायचो, तीही अभिमानाने. 'कसं हँडल केलं' वगैरे.

सोमवारी त्या मुलीला सांगितलं, डीफॉल्ट काढून टाक, फील्ड रिकामं ठेव, भरणाऱ्याला भरू दे. क्लायंटने विचारलं, एक क्लिक वाढला, का? मी 'कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित' असं उत्तर पाठवलं. लगेच मंजूर. पेशंटला दुसऱ्या दिवशी पाच प्रश्न विचारायचा स्क्रीन घालावा असंही सुचवलं होतं, ते 'पुढच्या फेजमध्ये बघू' मध्ये गेलं. पुढची फेज म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या शनिवारी निघण्याआधी मी काकाला नव्या कायद्यातली एक सोय सांगितली. बरं असताना माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मला पुन्हा त्रास झाला तर कसे उपचार करा, कसे करू नका. ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात त्याला. साध्या कागदावर चालतो, सही, दोन साक्षीदार, डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि मानसिक आरोग्य मंडळाकडे नोंद. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण, हेही त्यातच लिहिता येतं.

काकाला पटलं. माझ्याच प्रश्नांच्या कागदामागे त्याने मला कच्चं लिहायला लावलं. एक, कुठे नेताय ते घरातून निघायच्या आधी सांगायचं, मी ओरडलो तरी. दोन, हात बांधायची वेळ आली तर टॉवेलने बांधा, दोरीने नको. तीन, टेस्टर काढून घेतला तर तो पेटीत ठेवायचा आणि पावती द्यायची. (पहिल्या वेळचा परत मिळालाच नव्हता. मला माहीतही नव्हतं.)

"आणि प्रतिनिधी?" मी पेन धरून थांबलो होतो. खरं सांगतो, मला वाटलं होतं माझंच नाव सांगेल.

"पोरीचं लिही," काका म्हणाला. "तिला खोटं बोलता येत नाही. लगेच कळतं तिच्या तोंडावर."

मी तिचं नाव लिहिलं. ती आता पालघरला नोकरी करते, त्या दिवशी घरी नव्हती. साक्षीदार म्हणून माझी सही चालेल का, असं मी विचारलं. काका म्हणाला, बघू, डॉक्टरला विचारून सांगतो.